धाकट्यांच्या मोबाईलवर ॲप टाकण्याआधी

मुलांच्या मोबाईलवर लक्ष ठेवायला कोणते ॲप चांगले, हा प्रश्न अलीकडे मला वारंवार विचारला जातो. विचारणारे आई-वडील क्वचितच असतात. बहुतेक वेळा विशीतला मोठा भाऊ किंवा मोठी बहीण विचारते. यात नवल नाही. वसई-विरारमधल्या आपल्या बहुतेक घरांत मोबाईलचा कारभार तरुणांच्याच हाती आहे. अब्बांचे यूपीआय तुम्ही चालू करून दिलेत, अम्मीच्या व्हॉट्सॲपवर फोटो कसा पाठवायचा ते तुम्ही शिकवलेत, शाळेच्या ग्रुपवरचा इंग्रजी निरोप तुम्हीच वाचून सांगता. आता धाकट्याच्या मोबाईलची जबाबदारीही तुमच्याच गळ्यात पडते. "बेटा, त्याच्या फोनमध्ये काहीतरी टाकून दे, वाईट काही दिसायला नको," एवढेच अम्मी सांगते. पुढचे सगळे निर्णय तुमचे. म्हणून हे संपादकीय पालकांसाठी न लिहिता तुमच्यासाठी लिहितो आहे.

आपल्या शहराची घडण लक्षात घेतली, तर हा प्रश्न इथे किती तातडीचा आहे ते कळते. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे होती, आणि त्यानंतर नालासोपारा-विरारच्या पूर्व भागात किती चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या ते आपण रोज पाहतो. सकाळची लोकल पकडून अंधेरी, दादर, चर्चगेटकडे गेलेला माणूस रात्रीच घरी परततो. वालीव, सातिवली, गोखिवरेच्या गाळ्यांत काम करणाऱ्यांचेही तेच. शाळा सुटल्यापासून मगरिबपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, घरात मुले असतात आणि मोबाईल असतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलमध्ये आली, तेव्हा कर्ज काढून फोन घेतले गेले. शाळा पुन्हा वर्गात भरू लागली, फोन मात्र मुलांच्या हातातच राहिला.

त्यामुळे काळजी खोटी नाही. पण काळजीच्या भरात जे ॲप हाताला लागेल ते टाकले, तर मुलाचे भले होण्याऐवजी नुकसान होऊ शकते. निवड करण्याआधी काही गोष्टी नीट समजून घेऊ.

भीती नेमकी कशाची?

"वाईट काही दिसायला नको" या एका वाक्यात किमान चार वेगळ्या भीती दडलेल्या असतात. पहिली, मुलाने अश्लील किंवा हिंसक गोष्टी पाहण्याची. दुसरी, फोन हातातून न सुटण्याची: झोप, अभ्यास, नमाज, खेळ सगळे मागे पडण्याची. तिसरी पैशांची: गेममध्ये अब्बांच्या खात्यातून पैसे जाण्याची. चौथी, अनोळखी माणसाने मुलाशी ओळख वाढवून फोटो मागण्याची आणि मग धमकावण्याची.

पहिल्या तिन्हींवर सॉफ्टवेअर बऱ्यापैकी काम करते. चौथीवर फारच थोडे करते, आणि तीच सर्वांत घातक आहे. हे आधी मान्य केले, तर निवड सोपी होते.

अफवांना घाबरून निर्णय घेऊ नये, याचेही एक उदाहरण जवळच आहे. २०१७ च्या जुलैमध्ये अंधेरीत एका १४ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाने तो मारला गेला, अशी चर्चा देशभर पसरली. शाळांनी नोटिसा काढल्या, पालकांनी फोन हिसकावून घेतले. पुढे केंद्र सरकारच्या समितीने अशा घटनांतल्या फोनचा आणि इंटरनेट वापराचा तपास केला. एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही, असे सरकारने जानेवारी २०१८ मध्ये संसदेत सांगितले. ती मुले दुःखी का होती, हा प्रश्न त्या गोंधळात कुणी फारसा विचारलाच नाही.

फोनमध्ये आधीच काय आहे?

बाजारातली पैसे घेणारी ॲप पाहण्याआधी फोनमध्ये फुकट मिळणाऱ्या सोयी पाहा. आपल्या घरांतले बहुतेक फोन अँड्रॉइडचे असतात. त्यासाठी गुगलचे 'फॅमिली लिंक' आहे. त्यात नवीन ॲप घेण्याआधी मोठ्यांची परवानगी लागते, दिवसाची वेळ ठरवता येते, रात्री फोन बंद करता येतो, मुलाचा ठिकाणा दिसतो. मुलाच्या गप्पा मात्र ते मोठ्यांना वाचू देत नाही, आणि आपल्या फोनवर देखरेख आहे हे मुलालाही कळते. माझ्या मते या दोन्ही त्याच्या जमेच्या बाजू आहेत. आयफोन असेल तर २०१८ पासून त्यात 'स्क्रीन टाइम' आहे.

अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. मुलाच्या फोनवर बहुधा अम्मीचे किंवा तुमचेच जीमेल चालू असते, किंवा मुलाचे खाते उघडताना जन्मसाल खोटे टाकलेले असते. मग गुगलच्या, यूट्यूबच्या आणि इन्स्टाग्रामच्या दृष्टीने तो १० वर्षांचा मुलगा ३५ वर्षांचा बाप्या असतो, आणि त्याला दिसते तेही तसेच. म्हणून कोणतेही ॲप टाकण्याआधी मुलाचे स्वतःचे खाते खऱ्या जन्मतारखेने उघडा. १३ वर्षांखालील मुलासाठी पालकांच्या खात्यातून असे खाते तयार करता येते. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात 'टीन अकाउंट' सुरू केले. त्यात खाते आपोआप खासगी राहते, अनोळखी माणूस थेट निरोप पाठवू शकत नाही, आणि १६ वर्षांखालील मुलाला हे नियम सैल करायला पालकांची संमती लागते. पण जन्मसालच खोटे असेल, तर यातले काहीच लागू होत नाही.

घरात एकच फोन असेल तर? आपल्याकडे हे अगदी नेहमीचे. तिथे फॅमिली लिंकचा फार उपयोग नाही, कारण फोन अब्बांचा आणि खातेही त्यांचे. अशा वेळी तीन गोष्टी करा. लहान मुलाला व्हिडिओ लावून देताना 'ॲप पिनिंग' वापरा, म्हणजे पिन टाकल्याशिवाय त्या ॲपमधून बाहेर पडता येत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला साध्या यूट्यूबऐवजी 'यूट्यूब किड्स' द्या. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असे करा. यूपीआयचा पिन मुलांसमोर मोठ्याने बोलू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, तेव्हा 'हा खेळ कायदेशीर आहे' असे कुणी सांगितले तरी त्यात पैसे टाकू नका.

अश्लील संकेतस्थळे रोखण्यासाठी आणखी एक साधा उपाय आहे. अँड्रॉइड ९ आणि पुढच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाचे सेटिंग असते. तिथे कौटुंबिक फिल्टरचा पत्ता टाकला की अशी बरीच संकेतस्थळे उघडतच नाहीत. क्लाउडफ्लेअर कंपनीचा असा फिल्टर २०२० पासून मोफत आहे. वेगळे ॲप लागत नाही, फोन मंदावत नाही. पण इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामच्या आत काय चालले आहे ते हा फिल्टर पाहू शकत नाही, आणि व्हीपीएन वापरून त्याला वळसा घालता येतो. १४ वर्षांच्या मुलाला व्हीपीएन माहीत नसेल, या भ्रमात राहू नका.

पैसे देऊन ॲप घ्यायचेच असेल, तर घेण्याआधी पाच गोष्टी तपासा. ते कोणत्या कंपनीचे आहे आणि कंपनीचा पत्ता दिलेला आहे का? मुलाची कोणती माहिती ते गोळा करते आणि कुठे ठेवते? वर्षाला किती पैसे, आणि बंद करायचे तर कसे? ॲप काढून टाकल्यावर साठवलेली माहिती पुसली जाते का? आणि ते आपली भाषा ओळखते का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपली मुले मराठी, हिंदी, उर्दू एकत्र करून इंग्रजी अक्षरांत लिहितात. फुकट मिळणाऱ्या चाचणीच्या दिवसांत त्याच भाषेतले चार धमकीचे निरोप स्वतःच पाठवून पाहा, ॲप काही पकडते का ते कळेल.

लपून पाहणारी ॲप

काही ॲपची जाहिरातच अशी असते: "त्याला कळणारही नाही." फोनवर त्यांचे चिन्ह दिसत नाही, पण प्रत्येक निरोप, फोटो, फोन दुसऱ्याला दिसत राहतो. ही ॲप बहुतेकदा प्ले स्टोअरच्या बाहेरून, फोनचे सुरक्षा सेटिंग बंद करून टाकावी लागतात. माझे स्पष्ट मत आहे की ती कोणाच्याही फोनवर टाकू नयेत.

पहिले कारण सुरक्षेचे. तुम्ही मुलाचे खासगी फोटो आणि ठिकाणा एका अनोळखी कंपनीच्या हवाली करता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये 'स्पायफोन' या कंपनीला हेरगिरीच्या धंद्यातूनच हद्दपार केले, कारण गोळा केलेली माहिती तिने नीट जपली नव्हती. 'एमस्पाय' या कंपनीकडून २०२४ मध्ये लाखो ग्राहकांचा पत्रव्यवहार फुटला. मुलाला अनोळखी लोकांपासून वाचवायला निघालो आणि त्याचा सगळा फोनच अनोळखी लोकांना उघडून दिला, असा हा प्रकार.

दुसरे कारण कायद्याचे. दुसऱ्याच्या उपकरणात परवानगीशिवाय शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येते. १८ वर्षांवरील बहिणीच्या, बायकोच्या किंवा होणाऱ्या बायकोच्या फोनवर असे ॲप टाकणाऱ्याने स्वतःला 'काळजी घेणारा' म्हणवून घेऊ नये. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून मुख्य बंधने १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

तिसरे कारण आपल्या घरातल्या संस्कारांचे. सूरह अल-हुजुरातमध्ये तजस्सुसला, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टी उकरून काढण्याला मनाई आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी मकतबमध्येच ऐकले आहे. सूरह अन-नूरमध्ये घरातल्या लहान मुलांनाही दिवसातल्या तीन वेळी परवानगी घेऊन खोलीत यायला शिकवले आहे. ज्या घरात मुलाला दार वाजवायला शिकवतात, त्या घरातल्या मोठ्यांनीही मुलाचे दार वाजवायला हवे. याचा अर्थ लक्षच देऊ नये असा होत नाही. लक्ष जरूर द्या, पण सांगून द्या.

नियम फक्त बहिणीलाच का?

आता जरा कडू बोलतो. आपल्या मोहल्ल्यांत देखरेखीचे ॲप सर्वांत आधी कोणाच्या फोनवर जाते? आठवीतल्या मुलीच्या. तिच्याहून एक वर्षाने लहान असलेला भाऊ रात्री एक वाजेपर्यंत गेम खेळतो, कुठल्याही ग्रुपमध्ये असतो, त्याला कोणी विचारत नाही. मुलीच्या फोनची चिंता 'लोक काय म्हणतील' यातून येते. मुलाच्या सुरक्षेची चिंता मात्र कोणालाच वाटत नाही.

या भेदभावाचे दोन तोटे होतात. ऑनलाइन फसवणारा माणूस मुलगा-मुलगी पाहत नाही. आपला फोटो पसरेल या धमकीखाली मुलगेही पैसे देतात आणि लाजेने गप्प राहतात. दुसरा तोटा मुलीचा. तिला ठाऊक असते की काहीही सांगितले तर पहिली शिक्षा तिलाच होईल: फोन जाईल, मग क्लास जाईल, मग कॉलेजही जाईल. म्हणून ती सांगत नाही. धमकावणारा नेमका याच भीतीच्या जोरावर टिकतो. तेव्हा जो नियम लावायचा तो वयानुसार लावा. १३ वर्षांच्या मुलीला जो, तोच १३ वर्षांच्या मुलाला.

ॲप जिथे पुरत नाही

आपल्या जिल्ह्याचे नाव इंटरनेटच्या इतिहासात एका प्रकरणामुळे कायमचे नोंदले गेले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर ठाणे जिल्ह्यातच होते तेव्हा, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का ठेवायची, असा प्रश्न एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर विचारला. तिच्या हिंदू मैत्रिणीने त्याला पसंती दिली. दोघींना अटक झाली आणि तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. देशभर संताप उसळला, पुढे खटला बंद झाला. याच अटकेमुळे दिल्लीतल्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले.

त्या दोघी सज्ञान होत्या, त्यांनी काहीही गैर लिहिले नव्हते. कोणत्याही फिल्टरने ती ओळ अडवली नसती, अडवायलाही नको होती. अशा वेळी मुलीच्या मागे कोण उभे राहते, यावर पुढचे सगळे ठरते. उद्या तुमच्या धाकट्या बहिणीने सभ्य भाषेत एखादे मत लिहिले आणि शंभर जण शिव्या घालायला धावले, तर "लिहिलेसच कशाला?" असे विचारणारे पहिले तुम्ही नसावेत.

दुसरे प्रकरण जानेवारी २०२२ चे. 'बुली बाई' नावाच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांच्या 'लिलावा'चा किळसवाणा खेळ मांडला गेला. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने अटक केली त्यांत १८ वर्षांची एक मुलगी आणि २१ वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. त्या बातमीने आपण सगळे हादरलो. पण त्या मुलांच्या घरांतही कोणीतरी म्हणत असेल, "मुले खोलीत बसून अभ्यास करतात." आपली मुले बळी पडतील याची काळजी आपण करतो, आपली मुलेही कोणाला छळू शकतात, वर्गातल्या मुलीचा फोटो एआयने बिघडवू शकतात, दुसऱ्या धर्माच्या मुलाला ग्रुपमध्ये टोचून टोचून रडवू शकतात, हेही पाहायला हवे. त्याचे ॲप नाही. ते घरातल्या बोलण्यातूनच शिकवावे लागते.

घडलेच तर

तरीही काही घडलेच तर क्रम पक्का ठेवा. मुलाला पहिले वाक्य हे ऐकू आले पाहिजे: "सांगितलेस ते बरे केलेस." फोन हिसकावू नका, खाते पुसू नका, कारण पुरावा त्यातच आहे. धमकीचे निरोप, समोरच्याचे प्रोफाइल, नंबर, पैसे मागितले असतील तर त्याचा तपशील यांचे स्क्रीनशॉट ठेवा. एकही रुपया देऊ नका; पैसे दिले की मागणी वाढते. मुलाचा तसा फोटो असेल तर तो 'पुरावा' म्हणून नातेवाइकांना किंवा ग्रुपवर अजिबात पाठवू नका. असे चित्र पाहणे आणि साठवणेही गुन्हा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांवरील अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय २०२० पासून आहे, जवळच्या ठाण्यात जाऊन तक्रार लिहून द्या आणि तिची प्रत घ्या. पोक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. '१८ वर्षांखालील' मुलाचा फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याची सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी संकेतस्थळे ती जुळवून फोटो काढतात. मोहल्ल्यात आपसांत मिटवून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील. तो ऐकू नका, कारण तोच माणूस उद्या दुसऱ्या घरातल्या मुलाला गाठतो.

या आठवड्यात काय कराल?

एका संध्याकाळी धाकट्याला शेजारी बसवा आणि त्याच्यासमोरच फोनचे सेटिंग करा. काय लावतो, का लावतो, ते सांगा. दहा वर्षांखाली: मोठ्यांच्या समोर, ठरावीक वेळ, यूट्यूब किड्स. दहा ते तेरा: फॅमिली लिंक, प्रत्येक ॲपला परवानगी. तेरा ते सोळा: वेळेची मर्यादा आणि खासगी खाते, गप्पा मात्र त्याच्या. सोळानंतर बंधने एकेक करून काढत जा, आणि तारीख आधीच ठरवा, म्हणजे विश्वास कमवायला त्यालाही कारण राहील. रात्री दहानंतर घरातले सगळे फोन एकाच ठिकाणी चार्जिंगला लावा. सगळे म्हणजे तुमचाही.

माझी एक विनंती आहे. सोपारा, पापडी, बोळिंज, आचोळे, जिथे तुम्ही राहता तिथे दोन-चार मित्र-मैत्रिणी मिळून रविवारी दोन तास बसा. सोसायटीचे कार्यालय चालेल, मकतबची खोली चालेल, वाचनालय चालेल. अम्मी-अब्बांनी आपले फोन घेऊन यावे, तुम्ही ही सेटिंग करून द्यावीत आणि १९३०, १०९८ हे दोन क्रमांक त्यांच्या फोनमध्ये साठवून द्यावेत. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा, शिकवायला मुलीच असू द्या. सातवी-आठवीच्या मुलांनाही बोलवा आणि त्यांनाच विचारा, तुम्हाला ऑनलाइन कशाची भीती वाटते? त्यांची उत्तरे लिहून आमच्याकडे पाठवा, कोणाचेही नाव न घालता. पुढच्या अंकात ती छापू.